उंबऱ्यावरचे दाणे

ओलांदिनाची शर्यतीची जर्सी खुर्चीच्या पाठीवर नीट घडी घालून ठेवलेली होती. नंबराचं कापड जागेवर होतं. टेबलावर तिचा फोन होता, सोन्याचे डूल होते. कशालाही हात लागलेला नव्हता. जर्सीच्या आतून, डाव्या बाजूला शिवलेली बोटभर काळी पट्टी तेवढी नव्हती.

इन्स्पेक्टर बेलार्मिनोला बोलावून आणलं ते जेसुइनाने. ती ओलांदिनाच्याच खोलीत राहायची.

"काका, ती बोलतच नाहीये. चर्चमधल्या मिस्सेवरून आली, जर्सीला हात लावला आणि तशीच बसली."

बेलार्मिनो दारातच थांबला. उंबऱ्याच्या आत त्याचा पाय पडणार एवढ्यात त्याला चाफ्याचं पान दिसलं. पानावर उकडलेल्या मक्याचे थोडे दाणे होते. तो पान ओलांडून आत गेला.

व्हिएन्तियानला शेजारी देशांच्या क्रीडास्पर्धा होत्या. तिथल्या क्रीडाग्रामात मोठ्या देशांना अख्खे मजले मिळाले होते. तिमोरला मिळालं होतं इंडोनेशियाच्या मजल्याचं शेवटचं टोक, जिन्यापलीकडचं. अकरा खेळाडू, दोन प्रशिक्षक, एक पथकप्रमुख आणि राखणीला एक इन्स्पेक्टर. राखण करण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं, म्हणून निवृत्तीला टेकलेला माणूस पाठवला, असं लोक निघताना हसून म्हणाले होते. उद्घाटनाच्या संचलनात आमचा झेंडा मैदानात शिरला आणि नेमकी टीव्हीवर जाहिरात लागली. बेलार्मिनोला त्याचं वाईट वाटलं नाही. कुणी न बघण्याची त्याला सवय होती.

त्याच्याही कॉलरच्या आत दुखवट्याचा एक काळा तुकडा होता. बायको सेलेस्तिना जाऊन चार वर्षं झाली होती. वर्ष सरलं की काळं सोडायचं असतं, पण त्याला घरचे सगळे लागतात. त्याची तिन्ही मुलं आयर्लंडला मांसाच्या कारखान्यात कामाला होती. येतील तेव्हा सोडू, असं म्हणता म्हणता कॉलर विरत आली. शर्ट बदलला की तुकडा नव्या कॉलरला लावायचा, एवढंच त्याचं घरकाम उरलं होतं.

त्याने जर्सी उलटी केली. टाके एकेक करून कापलेले. कापडाला साधी चिरही नाही. खिडकीच्या कट्ट्यावर मेणाचा थेंब. जर्सीला लवंगेच्या तेलाचा वास येत होता, पण तो वास साऱ्या पथकालाच यायचा.

"कधी पाहिलीस शेवटची?"

"मिस्सेला जाताना," ओलांदिना म्हणाली. "हात लावून गेले. रोज लावते."

"दार लावलं होतंस?"

"कशाला? दार लावायचं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणायचं."

सगळा मजला असाच उघडा असायचा. पोलिसी बाण्याने बेलार्मिनोने पहिल्याच दिवशी कुलपं वाटली होती. ती मुलांनी बॅगांना लावली.

"आई जाऊन किती झालं?"

"वर्ष होऊन गेलं."

"मग काळं सोडलं का नाहीस?"

"कोण सोडणार?" तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "आमच्या लेउलोबोत मान मामाचा असतो. मला तीन मामा होते. दोघं इंडोनेशियाशी झालेल्या युद्धात डोंगरात मारले गेले. धाकट्याचं काय झालं कुणाला ठाऊक नाही. एक दिवस शेतातून परत आलाच नाही. थडगं नाही, म्हणून आई दर वर्षी मृतांच्या दिवशी दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसापाशी त्याच्या नावाची मेणबत्ती लावायची. मामाच नाही तर काळं कोण सोडणार, काका? ते आपलं आपण सोडता येत नाही."

"ते मला ठाऊक आहे," बेलार्मिनो म्हणाला.

"उद्या मी धावणार नाही."

"अगं, दहा हजार मीटर. चार वर्षं त्यासाठी डोंगर चढतेस-उतरतेस."

"काळं चोरीला गेलं म्हणजे आईला वाटेतच कुणीतरी अडवलं. तिला तिथं सोडून मी गोल गोल धावू?"

 बेलार्मिनोने हळूच उंबऱ्याकडे बोट केलं. "हे तू ठेवलंस?"

ओलांदिनाने पान पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "नाही. पण हे... आमच्या गावात ठेवतात. काळं सोडून झालं की."

"कोण ठेवतं?"

"पोरं. मोठी माणसं वेदीवर पान, सुपारी, चुना ठेवतात. पोरं मधे लुडबुडू नयेत म्हणून त्यांच्या ओंजळीत मका देतात. म्हणतात, जा, उंबऱ्यावर ठेवा, आजीला वाटेत भूक लागेल."

"आणि आपल्या पथकात तुझ्या गावचं कोण आहे?"

"कुणीच नाही. डोंगराकडची मी एकटीच."

बेलार्मिनोने खोलीभर पाहिलं. पलंगाखाली, कट्ट्यावर, दाराच्या मागे. सुपारी कुठेच नव्हती. त्याने एक दाणा उचलून उजेडात धरला. दाण्याचं मूळ शाबूत होतं. सुरीने खरवडलेला दाणा तसा राहत नाही. त्याने तो परत पानावर ठेवला, होता तिथेच.

पथकप्रमुख सेन्योर होरासियो आधीच तापलेले होते. माणूस मनाने वाईट नव्हता, पण लहानपणीच मेलबर्नला गेलेला आणि पन्नाशीत देशसेवेसाठी परतलेला. त्यामुळे देशापेक्षा सेवाच जास्त करायचा.

"मी तिला तीनदा सांगितलं होतं," ते म्हणाले. "जर्सीला चिंधी चालत नाही. पंचांनी पाहिली तर बाहेर काढतील. सांगितलं तर माझ्यावरच डोळे वटारते."

"सांगितलं नाहीत साहेब, ओरडलात. अख्ख्या मजल्याने ऐकलं."

"म्हणून मी चोरली?"

"मिस्सेला तुम्ही नव्हतात."

"फोनवर होतो. मंत्रालयाशी."

"रविवारी सकाळी?"

होरासियो खिडकीबाहेर पाहू लागले. खाली कोणत्या तरी देशाची मुलं घोषणा देत बसमध्ये चढत होती.

"आईशी," ते म्हणाले. "मेलबर्नला वृद्धाश्रमात आहे. रविवारी तिथल्या दुपारी, म्हणजे आपल्या सकाळी, तिला माणसं ओळखू येतात. बाकी वेळी मी कोण ते सांगावं लागतं. हे कुठं बोलू नका."

"नाही बोलत. एक सांगा, उंबऱ्यावर कुणी मक्याचे दाणे का ठेवील?"

"मुंग्या होतील हो. कोण करतं असले उद्योग?" होरासियोंनी आवाज पुन्हा चढवला. "तुम्ही दाणे काय मोजताय? सरळ आहे. ओलांदिना बसली तर राखीव कोण धावणार? जेसुइना. मिस्सेतून मधेच उठून कोण गेलं? जेसुइना. उद्या सकाळच्या विमानाने मी तिला घरी पाठवतोय."

"संध्याकाळपर्यंत थांबा."

"संध्याकाळपर्यंत. आणि ही गोष्ट आपल्या दारांबाहेर जाता कामा नये. आपल्याला आधीच कमी हसतात का लोक."

जेसुइना जिन्यात बसली होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. अशा बातम्यांना पायताण लागत नाही, त्या अनवाणीसुद्धा धावतात.

"मिस्सेतून का उठलीस?"

"पोट दुखत होतं."

"कसलं दुखणं?"

"रिकामं असल्याचं." तिने मान खाली घातली. "फिलिपिनो बॉक्सरांच्या खोलीत नूडल्स असतात. प्रशिक्षकांनी मला बंद केल्यात. फादरचं प्रवचन लांबलं, आणि मला वास यायला लागला. खरंच येत होता, काका."

"साक्षीला कोण?"

"तो मोठा बॉक्सर. पण तो आधी हसेल, मग सांगेल."

"ओलांदिना बसली तर तुला धावायला मिळालं असतं."

"मिळालं असतं म्हणजे काय, ती शिक्षा आहे. पंधराशे मीटरमध्ये माझा जीव जातो. दहा हजार धावले तर माझ्यासाठीच काळं धराल सगळे." ती हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. "मी तिची पट्टी घेईन, काका? रात्री ती आईशी बोलते, मी झोपेचं सोंग घेते, तिला बोलता यावं म्हणून."

बेलार्मिनो तिच्या शेजारी पायरीवर टेकला. गुडघे कुरकुरले.

"नूडल्स खाऊन खोलीत गेलीस?"

"तोंड धुवायला. दाराशी आले, पण आत नाही गेले. वाटलं, ओलांदिना परत आली असेल तर ओरडेल."

"दार?"

"लोटलेलं होतं."

"आणखी काय दिसलं?"

"काहीच नाही. मालिशची खाट भिंतीला टेकवलेली होती नेहमीसारखी. माणूस कुणी नाही. मग मी परत मिस्सेला गेले, शेवटच्या गाण्याला."

बेलार्मिनोने मान डोलावली. दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. मनात पाल चुकचुकली होती, पण तिचं बोलणं अजून नीट ऐकू येत नव्हतं.

जेवणघरात आमचं टेबल कोपऱ्यात होतं. होरासियो सुरीकाट्याने मक्याचं कणीस खायचा प्रयत्न करत होते आणि कणीस ताटभर पळत होतं. शेजारच्या लांब टेबलाच्या टोकाला इंडोनेशियन पथकाचा मालिशवाला एकटाच बसला होता. हारून त्याचं नाव, मकासारचा. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. आमच्याकडे मालिशवाला नव्हता. आपल्या पथकाचं काम उरकलं की तो संध्याकाळी घडीची खाट बगलेत मारून आमच्या टोकाला यायचा आणि पोरांचे पाय चोळायचा. पैसे घेत नसे. मुलं त्याला बापा म्हणत आणि त्याच्याशी इंडोनेशियनमध्ये बोलत, ती आमच्याकडे बहुतेकांना येते.

बेलार्मिनो आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसला. हारून कणसाचे दाणे अंगठ्याने उकलत होता, ओळीने एकेक, आणि ताटाच्या कडेला ठेवत होता.

"आज पोरांचे पाय कसे काय आहेत?" हारूनने विचारलं.

"पाय ठीक आहेत."

"ती डोंगरावरची पोर. तिला आता पंच अडवणार नाहीत ना?"

"नाही अडवणार," बेलार्मिनो म्हणाला.

हारूनला बरं वाटलेलं दिसलं. त्याने एक दाणा तोंडात टाकला. दोघं आपापलं जेवत राहिले. दोघांनाही एकट्याने जेवायची सवय होती, त्यामुळे कुणाला अवघडल्यासारखं झालं नाही. उठताना मात्र बेलार्मिनोला आपलं काम नकोसं वाटलं. असं त्याला नोकरीत क्वचितच झालं होतं.

तो परत ओलांदिनाकडे गेला. ती तशीच बसून होती. ताट न शिवता परत गेलं होतं.

"पट्टी कुणाकुणाला ठाऊक होती?"

"साहेबांच्या कृपेने सगळ्यांना."

"बाहेरच्या कुणी जवळून पाहिली?"

"बापा हारूननी. परवा खांद्याला तेल लावताना जर्सी सरकली. म्हणाले, कुणासाठी? मी म्हटलं, आई. त्यांनी नाव विचारलं, अल्बेर्तिना सांगितलं. मग घरचं, हाक मारायचं नावही विचारलं. बुईकाउ म्हटलं. तेवढ्यात त्यांच्या हाताला कळ लागली. म्हणाले, आज राहू दे."

"मग काल आले नाहीत?"

"आले की. पण माझ्या खांद्याला हात नाही लावला. जेसुइनाचेच पाय चोळत बसले." तिने विचारलं, "कळलं का काही, काका?"

"जरा थांब. खाट आली की सांगतो."

दिवस कलला तेव्हा हारून नेहमीसारखा खाट घेऊन आला. खोलीत त्याला चौघं दिसले. ओलांदिना पलंगावर, जेसुइना तिला चिकटून, होरासियो हाताची घडी घालून भिंतीशी, आणि खुर्चीवर बेलार्मिनो. चाफ्याचं पान अजून उंबऱ्यावर होतं. सकाळपासून जो तो त्यावर पाय देता देता राहिला होता. हारून खाली न बघता ते ओलांडून आत आला.

"बसा," बेलार्मिनो म्हणाला. "आज पाय नाही चोळायचे. साहेब, तुम्हाला चोर हवा होता ना?"

"मला तो सकाळीच सापडला होता."

"सकाळपासून आपण सगळेच चोर शोधतोय, तिथंच चुकलो. चोर काहीतरी घेऊन जातो. हा ठेवून गेला. डूल तसेच, फोन तसा. जर्सीची घडी घातली, मेणबत्ती लावली, उंबऱ्यावर दाणे ठेवले. ही चोरी नाही. कुणीतरी हिचं काळं सोडलंय."

ओलांदिनाने जेसुइनाचा हात घट्ट धरला.

"मग कुणी सोडलं? तुम्ही नाही, साहेब. तुम्हाला मका म्हटलं की मुंग्या आठवतात. शिवाय तुम्ही तो सुरीकाट्याने खाता. हे दाणे अंगठ्याने उकललेत, मुळासकट. जेसुइनाही नाही. काळं सोडणं तिला ठाऊक आहे, पण शहरातलं. फुलं, मेणबत्ती, नाच. उंबऱ्यावरचा मका फक्त लेउलोबोत असतो."

"लेउलोबोचं इथं कुणी नाही," होरासियो म्हणाले.

"मीही तेच म्हणत होतो. मग सुपारीचा विचार केला. सुपारी कुठंच नव्हती. लेउलोबोचा मोठा माणूस काळं सोडताना सुपारी विसरेल? देवाला विसरेल, सुपारीला नाही. दाणे ठेवणं हे पोरांचं काम. म्हणजे ज्याने हे केलं त्याला पोरांना दिलेलं कामच तेवढं ठाऊक आहे. मोठ्यांचं कधी शिकायलाच मिळालं नाही. तो माणूस लेउलोबोत जन्मला, पण तिथं मोठा झाला नाही."

 खाली बस सुरू झाल्याचा आवाज आला आणि गेला.

"जेसुइनाला सकाळी दाराशी मालिशची खाट दिसली. म्हणाली, नेहमीसारखी. तिथंच मला खटकत होतं. खाट नेहमी येते ती संध्याकाळी. टाके कापलेत ते मालिशवाले बँडेज कापतात तसल्या बोथट टोकाच्या कात्रीने, म्हणून कापडाला चीर नाही. दुपारी एक माणूस मला म्हणाला, आता तिला पंच अडवणार नाहीत ना. आता म्हणजे कधी? पट्टी गेल्याचं आमच्या दारांबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आणि परवा त्याच माणसाने हिच्या आईचं नाव ऐकून घरचं नाव विचारलं. परक्या मालिशवाल्याला पेशंटच्या आईच्या घरच्या नावाशी काय करायचंय? घरी वेगळं नाव असतं हे तरी त्याला कुणी सांगितलं?"

बेलार्मिनो हारूनकडे वळला. आवाज एकदम खाली आला.

"बापा, तुम्हाला लहानपणी घरी काय म्हणायचे?"

हारूनने खाट भिंतीला टेकवली. दोनदा टेकवली, पहिल्यांदा ती सरकली.

"बेरेमाउ," तो म्हणाला.

ओलांदिनाने झटक्यात मान वर केली. धाकट्या मामाचं नाव तिने या खोलीत कुणाला सांगितलं नव्हतं.

"सातेक वर्षांचा असेन," हारून म्हणाला. तो खालीच बघत होता. "शेतातून एका इंडोनेशियन शिपायाने उचललं. तो माणूस वाईट नव्हता. मकासारला नेलं, शाळेत घातलं, नाव दिलं. म्हणाला, तुझं मागं कुणी उरलं नाही. मी मानलं. मानावं लागतं. नाहीतर रोज वाट बघावी लागते."

"आणि ती काळी पट्टी?" होरासियोंनी विचारलं. आवाजातला प्रमुख गेला होता.

"परवा ही बुईकाउ म्हणाली. मला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडायची ती. मोठी बहीण. इतक्या वर्षांनी सापडली ती मेलेली सापडली." त्याने जॅकेटच्या आतून रुमाल काढला, उघडला. काळी पट्टी इस्त्री केल्यासारखी सपाट होती. "मला वाटलं, हिला पंच अडवतील. आणि वाटलं, बुईकाउसाठी मी काहीच केलं नाही, एवढं तरी करू. बाकी काही आठवेना. मका तेवढा आठवत होता."

"तिला सांगितलं का नाहीत?" जेसुइना म्हणाली. "सकाळपासून पोरगी जेवली नाहीये. मला घरी पाठवत होते."

"कुठल्या तोंडाने सांगू? हे जॅकेट बघ माझं. नाव बघ. देवसुद्धा दुसरा. तुमची भाषा मला कळत नाही. मला वाटलं, मला कुणी विचारायचं नाही. विसरले असतील."

"आई दर वर्षी तुमची मेणबत्ती लावायची," ओलांदिना म्हणाली. "मोठ्या क्रुसापाशी. मागच्या वर्षी मी लावली."

हारूनने वर पाहिलं. "मी जिवंत होतो," तो म्हणाला आणि मग त्याला रडू आलं. रुंद खांद्यांचा माणूस रडायला लागला की कुठं बघावं ते कळत नाही. होरासियो खिडकीबाहेर बघू लागले.

ओलांदिना उठली. तिने त्याच्या हातातून पट्टी घेतली.

"तुम्ही चुकलात."

"हो."

"असं पाठीमागे येऊन नेत नाहीत. ज्याचं काळं आहे तो समोर लागतो." तिने नंबराच्या कापडाची एक पिन काढली आणि पट्टी आपल्या छातीला लावली. "आता सोडा, मामा."

"मला शब्द येत नाहीत गं."

"मला येतात," बेलार्मिनो म्हणाला. "मी सांगतो, तुम्ही माझ्यामागून म्हणा."

त्याला ते शब्द तोंडपाठ होते. चार वर्षं तो घरात एकटा असताना ते म्हणून बघायचा, मुलं आली तर ऐन वेळी अडायला नको म्हणून. आता ते त्याने दुसऱ्याच्या बहिणीसाठी न अडता म्हटले. त्याने खिशातली सुपारी काढून टेबलावर ठेवली. हारूनने पिन काढली. पट्टी सहज सुटली. कुणी न सांगता तो वाकला, पानावरचे दाणे बोटाने सारखे केले आणि दोन मिनिटं तिथंच उंबऱ्यापाशी बसून राहिला.

"जेसुइना," होरासियो म्हणाले, "तुझ्या विमानाचं मी बोललो होतो ते विसर."

"मी नूडल्स आणू का सगळ्यांना?" जेसुइनाने विचारलं. ओलांदिना त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

दुसऱ्या संध्याकाळी ती धावली. जर्सीच्या आत, काळजापाशी आता नुसत्या टाक्यांच्या खुणा होत्या. कुंपणापाशी आमची दहा पोरं, आणि त्यांच्यात साध्या शर्टातला एक पन्नाशीचा माणूस. जॅकेट त्याने खोलीतच ठेवलं होतं. ती समोरून गेली की तो काहीच ओरडत नसे, नुसता कुंपणाबरोबर थोडा पुढे चालत जाई. शेवटच्या फेरीत तिने एकीला मागे टाकलं आणि चौथी आली. चौथ्याला पदक नसतं. आमच्या देशात याआधी त्या शर्यतीत कुणी चौथंही आलं नव्हतं, हे होरासियोंनी मेलबर्नला फोन करून आईला सांगितलं. त्या दिवशी सोमवार होता, तरी सांगितलं.

काळं सोडलं की नाचायचं असतं. जेसुइनाने फोनवर गाणी लावली आणि आमच्या टोकाच्या बोळात सगळ्यांनी हातात हात घालून फेर धरला. हारूनला वाटलं होतं, आपल्याला जमणार नाही. पायांना आठवत होतं. पलीकडच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन बघू लागले.

बेलार्मिनो दाराला टेकून उभा होता. ओलांदिना फेरातून सुटून त्याच्याकडे आली. घामाने चिंब झालेली, हसरी. तिची नजर त्याच्या कॉलरवर गेली. मान वळवताना आतली काळी कड दिसत होती.

"काका, तुमचं कोण सोडणार?"

"मुलं येतील ना."

"कधी?"

त्याने दोन दिवसांत सगळ्यांना प्रश्न विचारले होते आणि सगळ्यांकडून उत्तरं काढली होती. आता त्याने कॉलर नीट करून काळी कड झाकली. ती परत फेरात गेली.

तो जिन्यात जाऊन पायरीवर बसला. आयर्लंडला दुपार असेल, थोरलीची जेवणाची सुट्टी. त्याने फोन लावला. बराच वेळ वाजला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे." मागे गाणं चालू होतं, म्हणून तो जरा मोठ्याने बोलला. "तुम्ही तिघं घरी कधी येताय?"

पलीकडे कारखान्याचा आवाज येत राहिला. मुलगी दार लोटून बाहेर आली तसा तो कमी झाला. मग म्हणाली, "चार वर्षांत तुम्ही कधी बोलावलंच नाहीत, बाबा. आम्हाला वाटलं, तुम्ही आईचं काळं आमच्याशिवायच सोडून टाकलंत."